चिचेन इत्सा बघून सेनोतेत पोहायचंय, बरोबर सासूबाई आणि दोन मुलं: कुठे जावं, पाण्यात कसं उतरावं

तुमचा प्रश्न असा की डॅलसहून चार दिवस मेक्सिकोत कान्कूनला येताय, त्यातला एक दिवस चिचेन इत्साला, म्हणजे माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष बघायला, आणि तिथेच जवळ ती फोटोत दिसणारी गोल विहीर आहे तिच्यात पोहायचंय. बरोबर सासूबाई (गुडघे दुखतात), दहा आणि सहा वर्षांची मुलं, नवऱ्याला पोहता येत नाही. ही तीच विहीर का जिच्यात बळी द्यायचे, आणि हे सगळं लोणारसारखं उल्का पडून झालंय का, असं मुलांनी विचारलंय. मी मूळची साताऱ्याकडची, गेली नऊ वर्षं तुलूममध्ये डाइव्ह गाइड आहे आणि सेनोतेत, म्हणजे इथल्या नैसर्गिक विहिरीत, लोकांना उतरवणं हेच रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी विहिरींचा घोळ सोडवू. चिचेन इत्साच्या आवारात जी मोठी आहे ती पवित्र सेनोते, साधारण 60 मीटर रुंद, उभे कडे आणि पाणी खाली वीसेक मीटरवर, हिरवंगार. तिथे पोहायला कुणालाच परवानगी नाही, फक्त काठावरून बघायचं. फोटोत जी दिसते, वरून वेली सुटलेल्या आणि खाली निळं पाणी, ती इक किल, पिस्ते गावाजवळ, अवशेषांपासून जेमतेम तीन किलोमीटर. तिच्यात पोहता येतं. गर्दीच्या टूरमध्ये गाइड दोन्हींबद्दल एकाच दमात बोलून जातो आणि लोकांना वाटतं आपण बळीच्या विहिरीत पोहून आलो, तसं नाहीये.

आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की पोहायच्या आधी ती पवित्र सेनोते बघाच. पिरॅमिडपासून उत्तरेला तीनेकशे मीटरचा जुना दगडी रस्ता जातो, त्याला साकबे म्हणतात म्हणजे पांढरा रस्ता, दोन्ही बाजूला दुकानं मांडलेली असतात त्यामुळे अर्धे लोक तिथूनच मागे फिरतात. फिरू नका. युकातान राज्याच्या या भागात एकही नदी नाही हो. जमीन म्हणजे चुनखडीचा सपाट थर, पाऊस पडला की सरळ आत मुरतो, वर ओढा नाही नाला नाही, पाणी सगळं खाली. जिथे छत कोसळून ते पाणी उघडं पडलं तिथे सेनोते, माया भाषेत त्सोनोओत, आणि जिथे पाणी तिथे गाव. चिचेन इत्सा या नावाचाच अर्थ इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी. आवारात श्तोलोक नावाची आणखी एक सेनोते आहे, ती प्यायच्या पाण्याची, आणि 2015 मध्ये मेक्सिकोच्या संशोधकांनी विजेच्या लहरींनी जमीन तपासली तेव्हा खुद्द त्या मोठ्या पिरॅमिडच्या खालीही पाण्याची पोकळी असल्याचं दिसलं. म्हणजे आपण ज्याला अवशेष बघायला गेल्यावर वाटेत पोहायची जागा समजतो, ते उलटं आहे. पाणी आधी, शहर त्याच्यामुळे. हे डोक्यात असलं की पाण्यात उतरताना माणूस आपोआप वेगळा वागतो, हा माझा अनुभव आहे.

बळीचं मुलांना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण खोटं सांगू नका. पवित्र सेनोतेतून 1904 पासून गाळ उपसला गेला, जेड, सोनं, धूप म्हणून जाळायचा कोपाल डिंक, आणि माणसांची हाडंही निघाली, दोनशेच्या वर माणसांची. कुमारिकांना ढकलायचे ही कथा गाइड अजून रंगवून सांगतात, पण हाडं पुरुषांची, बायकांची, मुलांची सगळ्यांची आहेत. जवळच एका भुयारी टाक्यात लहान मुलांची हाडं सापडली होती, त्यातल्या 64 जणांचा डीएनए तपासून 2024 मध्ये निकाल आला, सगळे मुलगे, त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. मला त्या काठावर उभं राहिलं की जास्त बोलवत नाही. सहा वर्षांच्या मुलाला यातलं निळ्या रंगाचं सांगा, ते सुंदर आहे. माया लोक देवाला द्यायच्या वस्तू निळ्या रंगवायचे, नीळ आणि एक प्रकारची पांढरी माती एकत्र तापवून केलेला तो रंग, आणि शतकानुशतकं तो धुऊन तळाशी बसत गेला, इतका की विहिरीच्या तळात चार मीटरहून जाड निळा गाळ साठला होता. आपल्याकडे पूर्वी कपडे रंगवायला वापरायचे ती नीळ हो, तोच रंग, पर्जन्यदेव चाकसाठी.

उल्केचं: अर्धं बरोबर. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी युकातानच्या किनाऱ्याशी चिक्शुलुबला उल्का पडली, साधारण 180 किलोमीटर व्यासाचं विवर झालं, लोणार पावणेदोन-दोन किलोमीटरचं आहे म्हणजे बघा. आता ते विवर वरून दिसत नाही, पण त्याच्या कडेकडेने सेनोत्यांची एक अर्धवर्तुळाकार माळ आहे, मेरिदा शहराच्या बाजूला. चिचेन इत्सा त्या माळेच्या बाहेर पडतं. इथल्या सेनोते साध्या चुनखडी विरघळून झालेल्या, पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगड हळूहळू खातं. महाराष्ट्रात असं होत नाही कारण आपला काळा कातळ विरघळत नाही, आपल्याला विहीर खणावी लागते, इथे ती आयती मिळते.

आता मुख्य, कुठे जायचं. इक किल सुंदर आहे यात वादच नाही, पाणी जमिनीपासून 26 मीटर खाली, आणि पाण्याची खोली चाळीस मीटरच्या वर. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं आहे आणि ते चांगलंच आहे. पण कान्कूनच्या बहुतेक बसटूर चिचेन इत्सा झालं की दुपारी तिथेच येतात, तेव्हा पायऱ्यांवर रांग, पाण्यात माणसाला माणूस, आणि सहा वर्षांचं मूल त्यात तुमच्या नजरेसमोर ठेवणं अवघड. अगदी उघडतानाच गेलात तर वेगळी गोष्ट, पण मग चिचेन इत्साला ऊन आणि गर्दी दोन्ही मिळेल. एका दिवसात दोन्हीकडे पहिला नंबर लागत नाही. माझं मत, सकाळ अवशेषांना द्या.

तुमच्यासाठी मी असं करीन: आदल्या रात्री कान्कूनला न राहता वायादोलिदला मुक्काम करा, चिचेन इत्सापासून 45 किलोमीटरवर छोटं, निवांत गाव आहे. सकाळी आठला गेट उघडतं तेव्हा तिथे हजर. कान्कूनहूनच यायचं असेल तर एक लक्षात ठेवा, कान्कून ज्या राज्यात आहे त्याचं घड्याळ युकातानच्या एक तास पुढे असतं, म्हणजे पहाटे साडेपाचला निघून अडीच तास लागले तरी इथे सातच वाजलेले असतात. येताना तास मिळतो, जाताना तोच कापला जातो, रात्रीच्या जेवणाचं बुकिंग त्या हिशोबाने करा. आत गेल्यावर आधी पिरॅमिड, चढायला बंदी आहे पण समोर उभं राहून जोरात टाळी वाजवायला लावा मुलांना, पायऱ्यांवरून पक्षी चिवचिवल्यासारखा प्रतिध्वनी येतो. मग चेंडूचं मैदान, मग साकबेवरून पवित्र सेनोते, आणि अकरा-साडेअकराला बाहेर. तोवर बसेस येऊ लागलेल्या असतात.

तिथून वायादोलिदच्या रस्त्यावर, गावाच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर द्झितनुप गावात श्केकेन आणि सामुला अशा दोन सेनोते शेजारी शेजारी आहेत. या उघड्या विहिरी नाहीत, गुहा आहेत, छताला एक भोक आणि त्यातून उन्हाचा एक खांब सरळ पाण्यात. म्हणूनच दुपारी बाराच्या आसपास पोचायचं, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. श्केकेनमध्ये छताला शेकडो दगडी सुळके लोंबताहेत, आत जायची वाट अरुंद, ओली आणि ठेंगणी, उंच माणसाने डोकं सांभाळायचं. सामुलात वरच्या झाडाची मुळं छत फोडून दोरखंडासारखी खाली पाण्याकडे आली आहेत. नवऱ्याला आणि मुलांना सामुला जास्त आवडेल, माझी पैज.

सासूबाईंचं बोलू. गुडघे दुखत असतील तर श्केकेनच्या पायऱ्या नकोत. सामुला त्यांच्या तब्येतीवर, कठडा धरून सावकाश जमलं तर बघा, आणि जमणार नसेल तर वर सावलीत बसवून नका ठेवू त्यांना नुसतं, संध्याकाळी वायादोलिद गावातल्या सासी सेनोतेला न्या. ती भर गावात आहे, वरच्या काठावरून आख्खं पाणी दिसतं, बसायला खायला जागा आहे, मुलं खाली पोहतील आणि त्या वरून बघतील. माझ्या एका पाहुण्यांच्या आई, सत्तरीच्या, कराडच्या, सामुलात हळूहळू उतरल्या. पोहणार नव्हत्या. काठाच्या दगडावर बसून साडी पोटरीपर्यंत घेऊन पाय पाण्यात सोडले, बारके काळे मासे येऊन टाचांना टोचायला लागले तसे आधी पाय वर घेतले, मग परत सोडले. थोड्या वेळाने ओंजळ भरून डोळ्यांना पाणी लावलं, नदीला लावतो तसं, आणि हात जोडले. तिकीट फाडणाऱ्या माया बाईंनी ते बघितलं आणि वर आल्यावर त्यांना हात देऊन बाकावर नेऊन बसवलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

आता पाण्यात उतरण्याबद्दल, हे नीट वाचा, सगळे अपघात इथेच होतात. बऱ्याच सेनोत्यांना उथळ बाजू नसते. स्विमिंग पूलसारखं पाय टेकवत टेकवत जाऊ असं होत नाही, शिडी संपली की खाली खोल. आणि दुसरं, हे समुद्राचं पाणी नाही, गोडं आहे. आदल्या दिवशी कान्कूनच्या समुद्रात नवरा छान उताणा तरंगला असेल तर त्याला वाटेल मला जमतंय, आणि इथे तोच माणूस लगेच खाली जायला लागतो, कारण खारं पाणी जास्त उचलून धरतं. मी हे इतक्या वेळा बघितलंय की नवख्यांना पहिली सूचना हीच देते. जॅकेट न घालता उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी.

जॅकेट घातलं म्हणजे झालं असंही नाही. घातल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलायचं, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, पाण्यात माणूस खाली आणि जॅकेट वर अशी गत होते. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. भाड्याने मिळणारी बरीचशी मोठ्यांच्या मापाची असतात, त्यामुळे सहा वर्षांच्यासाठी डॅलसहून त्याच्या वजनाचं जॅकेट घेऊन या, बॅगेत जागा जाईल पण आणा. सैल कुर्ता किंवा सुती लेगिंग घालून उतरू नका, भिजून जड होतं आणि जॅकेटखाली गोळा होतं, नायलॉनचं अंगाला बसणारं काहीही चालेल.

उतरताना शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी. पाणी वर्षभर 24-26 अंश असतं, ऐकायला काही वाटत नाही पण बाहेरच्या 35 अंशांतून एकदम गेलं की छाती आखडते, श्वास भराभर होतो, माणूस घाबरतो आणि घाबरला की हातपाय झाडतो. म्हणून गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन शिडी धरूनच एक मिनिट थांबायचं, श्वास जागेवर आला की मग सोडायची. आडवा दोर बांधलेला असतो, तो धरून मध्यापर्यंत जा. दमायच्या आधी परत फिरा, कारण शिडीशी नेहमी चार माणसं खोळंबलेली असतात आणि दमलेल्या माणसाला ती वाट बघणं जड जातं.

मुटका मारायचा मोह होणार. मी स्वतः गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले आणि उन्हाळाभर मुटके मारले, त्यामुळे तो मोह मला चांगला माहितीये. पण जॅकेट घालून उंचावरून उडी मारली की जॅकेट पाण्याला अडतं आणि अंग खाली जातं, हनुवटीला आणि मानेला हिसका बसतो. एका गटातल्या काकांनी मी दुसऱ्या बाजूला असताना अशी उडी मारली, ओठ फाटला आणि पुढचे तीन दिवस मान वळत नव्हती. काही ठिकाणी उडीसाठी कट्टा केलेला असतो, दहा वर्षांच्याला फारच हौस असेल तर तिथला माणूस सांगेल त्या जागेवरून, खाली कुणी नाही हे बघून, सगळ्यात खालच्या पायरीवरून. आणि गुहेच्या अंधाऱ्या भागात, कपारीत, दोराच्या पलीकडे कुणीच जायचं नाही. आम्ही जे गुहेत डाइव्ह करतो ते वेगळं प्रशिक्षण घेऊन, बाहेरपर्यंत अखंड दोर लावून, आणि हवेचे तीन भाग करून जातो: एक जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. टॉर्च घेऊन सहज डोकावू म्हणणाऱ्यांसाठी ती जागा नाही.

अंगाला काही लावलेलं नको. सनस्क्रीन, मच्छरांचं मलम, बॉडी लोशन, आणि आपल्या लोकांना मुद्दाम सांगते, केसांचं खोबरेल तेलसुद्धा. आदल्या रात्रीच केस धुऊन टाका. उतरायच्या आधी शॉवर घ्यायला सांगतात तो खरोखर घ्या, नावाला नाही. बाटलीवर निसर्गाला चालणारं असं लिहिलेलं असलं तरी नको. हे पाणी नदीसारखं भराभर वाहून जात नाही, याच थरातून गावं बोअरने पाणी उपसून पितात. मेरिदाच्या बाजूला होमून नावाचं गाव आहे, सेनोत्यांवर जगणारं, तिथे हजारो डुकरांचा मोठा फार्म आला तेव्हा पाणी नासेल म्हणून गावातले लोक कोर्टात गेले आणि शेवटी मेक्सिकोच्या सुप्रीम कोर्टापर्यंत ते प्रकरण गेलं. आमच्या तुलूमच्या बाजूला त्रेन माया या नव्या रेल्वेच्या रुळांसाठी गुहांच्या छतातून आरपार लोखंडी खांब ठोकलेत, पाण्यात उभे असलेले ते खांब आम्ही आमच्या डोळ्यांनी बघतो. हे मला बोचतं, म्हणून तेलाच्या एका थेंबाबद्दलही मी पाहुण्यांशी भांडते. पाणी गिळूही नका, दिसायला काचेसारखं असलं तरी ते प्यायचं पाणी नाही.

ऊन लागू नये म्हणून लांब बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घ्या, तेच सगळ्यात उत्तम. रोख पेसो जवळ ठेवा, कारण बऱ्याच सेनोते गावच्या सामाईक जमिनीवर आहेत आणि गावकरीच चालवतात, कार्ड चालेलच असं नाही. दुसरा दिवस मिळाला तर ‘एक बलाम’ (हे नावच आहे) इथले माया अवशेष आणि तिथून दीड-दोन किलोमीटरवरची श्कानचे, तीही गावानेच सांभाळलेली, सायकलने किंवा चालत जंगलातून जायचं, मला स्वतःला चिचेन इत्सापेक्षा ती सकाळ जास्त आवडते. वाटेत निळसर पक्षी दिसला, शेपटीला दोन लांब पिसं आणि टोकाला चमच्यासारखा गोंडा, आणि ती शेपटी घड्याळाच्या लंबकासारखी हलवतोय, तर तो तोह. तो विहिरींच्या कड्यात घरटं करतो, तोह दिसला की पाणी जवळ आहे असं इथले जुने लोक समजतात.

आणि मुलांना माया लोक नाहीसे झाले असं शिकवू नका. तुमच्या हातात जॅकेट देणारा पोरगा माया आहे, घरी मायाच बोलतो, साडेसात लाखांच्या वर लोक बोलतात ती. निघताना दिओस बोओतिक म्हणा, धन्यवाद, त्यांचा चेहरा बघा. पाऊस लांबला की गावात अजून चा-चाक नावाचा विधी होतो, मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार मुलं बसवतात आणि ती बेडकासारखी ओरडतात. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा आपली धोंडी धोंडी पाणी दे आठवली, तीही मुलं, तोही बेडूक.

जेवणाचं, शाकाहारी असाल तर फ्रिहोलेस म्हणजे घोटलेला राजमा मागताना सिन मांतेका सांगा, नाहीतर डुकराची चरबी असते. भोपळ्याच्या बियांची सिकिल पाक नावाची चटणी तोर्तियाबरोबर, म्हणजे मक्याच्या पोळीबरोबर, सासूबाईंना नक्की आवडेल.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं असतं, जून ते ऑक्टोबर वादळांचे दिवस. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, सासूबाईंचाही व्हिसा चालू आहे ना ते बघा आणि निघायच्या आधी कॉन्सुलेटचा नियम एकदा तपासा. कुठल्या महिन्यात येताय आणि धाकट्याचं वजन किती ते कळवा, त्याच्या मापाचं जॅकेट कुठलं घ्यायचं ते सांगते.